वजनकाटा

सतरा फूट लांब, सहा फूट रुंद.
एवढ्यात संसार मांडायचा,
आणि तो ट्रेलरवर घालून करूळ घाट उतरवायचा.
उतरेलच.
प्रश्न आहे परत चढवण्याचा.

उद्यमनगरात, मुजावरच्या शेडबाहेर
शिडाची नाव उभी आहे मार्चच्या उन्हात.
डोलकाठी बिजागरीवर आडवी पाडलेली,
अंगावर उसाच्या ट्रॉलीची जुनी ताडपत्री.
जाणारा-येणारा गाडी स्लो करतो :
"काय भावा, यंदा पूर येणाराय व्हय?"
मी हसतो.
आमच्या गल्लीत पाणी दोनदा माळ्यापर्यंत आलं होतं,
ते त्याला सांगत नाही.

चाळीस वर्षं लेथवर गेली.
अर्ध्या सुताचा फरक बोटाला कळतो अजून.
म्हणून प्रत्येक वस्तू आधी तळहातावर घेतो,
मग नावेत.
पितळी कडी नको, ॲल्युमिनियमची.
कुकर नको, पातेलं. पातेल्याला झाकण नको, ताट.
एक फळी अशी रंधली की
जेवताना ती पाट, रात्री पलंग,
आणि वारा पडला तर वल्ही टेकवायची जागा.
मसाल्याच्या डब्यातल्या सात वाट्यांपैकी
चार मी काढल्या.
पुष्पलतानं उरलेल्या तीनही काढल्या,
म्हणाली, "कांदा-लसूण चटणी असली म्हंजे झालं की."

पण गादीवर ती अडून बसली.
"माझे गुडघे काय तुझ्या फळीला बिजागरीनं जोडणार?"
कापूस पाणी पितो. साधा फोमही पितो,
पिऊन जड होतो आणि महिनाभर आंबतो.
मुजावर वेल्डिंगची काच वर करून म्हणाला,
"सुभाषनगरात जा. चपलेच्या तळाला घालतात तो बघ."
आणला. बादलीत दाबला, बुचासारखा वर आला.
तिनं अंगठ्यानं चेपून बघितला :
"दगड हाय."
दोन थर केले. वरून तिनं
लुगड्यांची वाकळ शिवली, पातळ, एकाच पदराची,
आणि पडद्यासाठी एक तुकडा बाजूला ठेवला.
पडदा कशाला, ते मी विचारलं नाही.
वजन विचारलं. पाव किलो.

रविवारी मार्केट यार्डातल्या काट्यावर नेली.
पुढं गुळाच्या ढेपांचा टेम्पो, मागं आम्ही.
काट्यावरचा पोरगा खिडकीतून वाकला :
"ह्यात काय माल?"
"घर," ती म्हणाली.
"माणसं धरून का सोडून?"
आम्ही उतरलो, बोलेरो सोडवली.
ट्रेलरसकट सहाशे चाळीस.
मुजावरनं स्वतःच्या हातानं जोडलेल्या ॲक्सलवर
सहाशेची शपथ घेतली होती.

चाळीस किलो.
माझी नजर आधी गादीवर गेली.
तिनं ती न बोलता उचलली, काट्यावरून खाली ठेवली.
आकडा चार किलोनं हलला. बस्स.
मग तिनं नाळेतलं झाकण उघडलं
आणि माझी पेटी ओढली. एकटीला ओढवेना.
पाने, दोन हातोड्या, लहान व्हाइस,
ड्रिलचे तीन संच, रेतीचा दगड,
न जाणो लागलंच तर म्हणून घेतलेलं
सगळं.
पोरगा मदतीला आला. आकडा पडला :
पेटी एकोणचाळीस.

समुद्रावर मी कोणता व्हाइस कशाला लावणार होतो,
माहीत नाही.
पेटी डोक्याशी असली की झोप लागते मला.

गादी परत आत गेली.
तीन पाने, एक पक्कड, थोडी तार
तिनंच पिठाच्या फडक्यात गुंडाळून दिली.
पावती खिशात घातली. आकडा अजून
तीन किलो वर होता.
"ते मी उपाशी राहून भरून काढीन," मी म्हटलं.
ती ऐकत नव्हती,
नावेत गुडघ्यावर बसून वितीनं माप घेत होती.

"पडदा कशाला गं?"
"पडदा नसला तर
आत कुठलं आन् बाहेर कुठलं?"

पोरानं शिट्टी मारली. मागं टेम्पो खोळंबला होता.